पहिल्या पावसाची बाटली

पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं लोकांच्या बाटल्या उघडल्या. आता निवृत्तीनंतर त्याच बाटल्यांबद्दलच्या पत्रांना उत्तरं देते. या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत, पण पहिल्यानेच बहुतेक जागा खाल्ली. खाऊ दिली.

प्रश्न : आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. चौपदरीकरणानंतर रस्ता विहिरीपासून पंचवीस-तीस पावलांवर आला आणि नव्या मोरीचं तोंड आमच्या परड्यात उघडलं. यंदा पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री विहिरीत मांडीभर पाणी होतं ते सकाळी कमरेच्या वर गेलं, आणि त्यावर सप्तरंगी तवंग. मुलाने मागवलेल्या टीडीएस मीटरवर आदल्या दिवशी ९२ होते, सकाळी ६१. दीर म्हणतात, आकडा उतरला म्हणजे पाणी सुधारलं. मला पटत नाही. तपासायचं तर नक्की काय आणि कुठे?

उत्तर : ताई, दिरांना माझा नमस्कार सांगा आणि पाणी सुधारलेलं नाही, हेही सांगा.

तो मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. तेल त्याला दिसत नाही, जंतू दिसत नाहीत. पावसाच्या पाण्यात क्षार नावापुरतेच असतात. त्यामुळे रस्ता धुऊन आलेलं पाणी विहिरीत शिरलं की आकडा खाली येतो. घाण आत येते त्याच रात्री मीटर शाबासकी देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. कोकणातल्या बहुतेक विहिरी एरवीही तिच्या आसपास फिरकत नाहीत, म्हणून त्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही.

पण मीटर अडगळीत टाकू नका. तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे दोन आकडे. मोरीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस २० धरू. मग ९२ मधून ६१ गेले ३१, आणि ९२ मधून २० गेले ७२. एकतीसला बहात्तरने भागा. ४३ टक्के येतात. विहिरीतल्या दर दहा कळशांपैकी चारेक कळशा त्या एका रात्रीत आलेल्या पाण्याच्या. आभाळातून थेट विहिरीत पडलेला पाऊस फार तर वीतभर भर घालेल. मांडीवरून कमरेच्या वर पाणी न्यायला दुसरीकडून वाट हवी. जांभ्यातून झिरपून आलं म्हणाल, तर इतक्या घाईने आलेलं पाणी गाळलं गेलेलं नसतं. २० हा माझा अंदाज आहे. पुढच्या पावसात मोरीच्या तोंडाशी पेला धरा, खरा आकडा घ्या आणि गणित पुन्हा मांडा. तारीख, वेळ, पाण्याची उंची, मीटरचा आकडा हे सगळं एका वहीत लिहीत जा.

आता तवंग. घाबरण्याआधी एक काडी घ्या. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर, आणि त्यावर जगणारे निरुपद्रवी जिवाणू साचलेल्या पाण्यावर हुबेहूब तेलासारखी साय धरतात. काडीने ती साय मोडा. काचेचे तुकडे व्हावेत तसे कोनेदार तुकडे झाले आणि वेगळेच राहिले, तर ते जिवाणू. रंग काडीभोवती फिरून पुन्हा एकमेकांना मिळाले, तर तेल. एवढं बघितलं असतंत तर अर्धं उत्तर पत्रातच आलं असतं!

रस्त्यावरून येतं काय? टायर झिजतात त्यातून जस्त, ब्रेकच्या भुकटीतून तांबं, इंजिनाचं गळलेलं तेल, धुराची काजळी आणि डांबराचे कण. शिसं पेट्रोलमध्ये होतं तोवर तेही येत असे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, पण जुन्या रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात शिसं दशकानुदशकं टिकतं, आणि चौपदरीकरणात तीच माती खणली गेली. म्हणून तपासणीत शिसं मागा. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. जस्ताची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे आणि रस्त्याच्या पाण्यात ते सहसा त्याच्या बरंच खाली असतं, तेव्हा जस्तावर पैसे घालवू नका.

माझं मत विचाराल तर पहिली भीती धातूंची नाहीच. हायवेच्या कडेला ट्रक थांबतात, माणसं कुठेतरी आडोसा शोधतात, गुरं बसतात, आणि ते सगळं त्याच मोरीतून येतं. हगवण-कावीळ आठवड्यांत गाठते, शिसं वर्षांनी. म्हणून आधी जंतूंची तपासणी. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा विष्ठेतला जिवाणू अजिबात सापडता कामा नये. गावात ज्या बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलंय त्यांच्याकडे एच टू एसची बाटली मिळेल. तुमच्या विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरा आणि घरात सावलीला ठेवा. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय पक्का धरा आणि पुढचा नमुना प्रयोगशाळेत न्या.

नमुना कधी घ्यायचा, हे कसा घ्यायचा याच्याइतकंच महत्त्वाचं. ते मी कशी शिकले ते सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं. घाटाखालच्या एका गावाची तक्रार आली, विहिरीला रॉकेलचा वास येतो. आमचा माणूस सवडीने फेब्रुवारीत गेला आणि प्लॅस्टिकच्या कॅनमधून पाणी घेऊन आला. अहवाल गेला, ‘पिण्यास योग्य’. खाली सही माझी. जूनमध्ये त्या गावातल्या एक आजी एसटीने आल्या, पदराआडून लोणच्याची काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. शेजारच्या खोलीतला शिपाई विचारत आला, कुणी स्टोव्ह पेटवलाय का! आजींनी सगळे नियम नकळत पाळले होते : पहिल्या पावसाचं पाणी, काचेची बरणी, काठोकाठ भरलेली, घट्ट झाकणाची. आम्ही शिकल्या-सवरल्यांनी एकही नव्हता पाळला.

सात-आठ महिने रस्त्यावर साठलेलं पहिल्या धुवांधार पावसात निघून येतं. अमेरिकेत कारखान्यांच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी एक जुना दंडक होता : आधीचे ७२ तास कोरडे हवेत आणि पहिला नमुना पाणी वाहू लागल्यापासून अर्ध्या तासात घ्यायचा. आपल्याकडे दिवाळीपासून मृगापर्यंत कोरडंच. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरीला छत्री घेऊन मोरीपाशी उभं राहायची तयारी ठेवा. यंदाची ती वेळ हुकली आहे. पण चार-पाच दिवस उघडीप पडून पुन्हा जोराचा पाऊस झाला की तेव्हा घ्या, एक मोरीच्या तोंडाशी आणि एक विहिरीतून.

बाटल्या चार प्रकारच्या. क्षार-गढूळपणासाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची, त्याच पाण्याने तीनदा विसळून. जंतूंसाठी प्रयोगशाळेतून आणलेली निर्जंतुक बाटली. तिच्यात तळाशी चिमूटभर पांढरी पूड किंवा दोन थेंब असतील, क्लोरीन मारायला घातलेले. ते धुऊन टाकू नका, आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची, आणि ही मात्र नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही. विसळलीत तर तेल काचेला चिकटून राहतं आणि मग भरलेल्या पाण्याबरोबर जादाचं मोजलं जातं. प्लॅस्टिकमध्ये उलट, तेल भिंतीत मुरतं आणि अहवाल कोरा येतो. शिशाच्या तपासणीसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच आम्ल घालून मागा.

अर्जावर नुसतं ‘पाणी तपासणी’ लिहिलंत तर पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट असले नेहमीचे आकडे मिळतील आणि सगळे छान असतील. स्पष्ट लिहा : ई-कोलाय, गढूळपणा, मिनरल ऑइल (मर्यादा ०.५ मिलिग्रॅम) आणि शिसं. जवळच्या सरकारी प्रयोगशाळेत तेलाची सोय नसेल तर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा गाठा, आणि मान्यता त्या विशिष्ट तपासणीसाठी आहे ना, ते विचारा. दारावरचा शिक्का सगळ्या तपासण्यांना लागू नसतो. खिसा आखडला असेल तर गढूळपणा मात्र सोडू नका. धातू आणि काजळी बारीक गाळाला चिकटून प्रवास करतात, त्यामुळे गढूळपणा चढला की बाकीचंही चढलं असं धरायला हरकत नाही.

तोवर काय? तवंग आहे तोवर या विहिरीचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला नको. उकळून जंतू मरतात, तेल जात नाही, उलट वास घरभर होतो. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जातील, त्याचंही तेच. जंतूंपुरतं ते औषध आहे, तेलाला त्याचा उपयोग नाही.

कायमचा इलाज बाटलीत नाही, मोरीच्या तोंडाशी आहे. तिथून विहिरीला वळसा घालून उताराच्या बाजूला पक्कं गटार हवं. ते महामार्गवाल्यांचं काम. ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत वहीची पानं आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. नुसत्या ‘पाणी खराब झालं’ या तक्रारीला ‘पाहणी करू’ एवढंच उत्तर येतं, तारखेसकट आकडे असले की उत्तर जरा लांबतं. तुमच्या हातातलं म्हणजे विहिरीचं बांधकाम. आपल्याकडच्या जुन्या विहिरी नुसत्या चिऱ्यावर चिरा ठेवून बांधलेल्या, प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला दार. वरचे सहा मीटर सांधे सिमेंटने भरून घ्या, काठडा जमिनीपासून दोन-अडीच फूट वर आणि भोवती मीटरभर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला ओटा. मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच मीटर लावा. एका रात्रीत आकडा पडायचा थांबला तर गवंड्याने काम बरं केलं असं समजा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो, घराची स्वतःची बोअरवेल आहे. समोरच्या रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात. मार्चपासून पाणी मचूळ लागतं. आईला रक्तदाब आहे. टीडीएस मीटर घ्यावा का?

उत्तर : घ्या. वरच्या ताईंना मी ज्या मीटरवर विश्वास ठेवू नका म्हटलं, तोच तुमच्याकडे उपयोगी. तुमच्याकडचा मुख्य शत्रूच विरघळलेलं मीठ आहे आणि मिठाला मीटर ताबडतोब पकडतो. डिसेंबर ते मे दर आठवड्याला आकडा लिहा. चढत गेला तर प्रयोगशाळेत क्लोराइड आणि सोडियम दोन्ही तपासा. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव कळू लागते, पण आईंच्या दृष्टीने सोडियम महत्त्वाचं. अगदी कमी मिठाचं पथ्य असणाऱ्यांसाठी तिथल्या पर्यावरण खात्याने सुचवलेला आकडा लिटरला अवघा २० मिलिग्रॅम आहे. चव बिघडण्याच्या कितीतरी आधीच तो ओलांडला जातो. अहवाल आईंच्या डॉक्टरांना दाखवा.

घराचे नळ जुने असतील तर शिसंही तपासा. क्लोराइड पाइप कुरतडतं. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचं पाणी सुरू केलं, तेव्हा गंज रोखणारं रसायन त्यात घातलं नाही. त्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं. नागरिकांच्या तक्रारी चालू असतानाच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनाच्या कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. माणसांच्या नळाला तेच पाणी पुढे वर्षभर येत राहिलं.

आणि हो, पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं असेल तर नमुना त्याच्या आधीच्या नळातून घ्या. ते यंत्र स्वतःच पाण्यात सोडियम सोडतं.

प्रश्न : टायरमुळे मासे मरतात असं वाचलं. खरं का? आमचा वहाळ महामार्गाखालून जातो आणि पहिल्या पावसानंतर मळ्ये उलटे तरंगताना दिसतात. (चिपळूण)

उत्तर : टायरची गोष्ट खरी आहे, पण ती कोहो जातीच्या सॅमन माशांची. अमेरिकेतल्या सिएटलच्या आसपास हे मासे पावसानंतर ओढ्यांत अंडी घालायच्या आतच मरत. टायर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जे तयार होतं तेच या माशांना मारतं, हे २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तेव्हा मासे जगले. सगळ्या जातींना हे रसायन सारखं बाधत नाही, तेव्हा मळ्यांच्या मरणाचं खापर लगेच टायरवर फोडू नका.

आधी साधा संशय घ्या, प्राणवायूचा. पहिल्या लोंढ्याबरोबर कुजका पाला, शेण, गटाराचा गाळ एकदम येतो आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू झपाट्याने खलास होतो. पहाटे जाऊन बघा. मासे मरण्याआधी पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील तर बहुधा हेच. आणि मोरीच्या वरच्या बाजूलाही मेलेले मासे आहेत का, ते मोजा. तिथेही तितकेच असतील तर महामार्ग निर्दोष, वहाळाने वर कुठेतरी दुसऱ्याच कुणाचं काही उचललं असणार. वर चालत जा आणि काय दिसतं ते मला कळवा.