करंट येईना? सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सगळ्यात शेवटी बदला

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर) : जुनी स्प्लेंडर दोन दिवस पावसात उभी होती. किकवर किक मारूलालोय, चालूच होईना झाल्या. प्लग नवा घातला तरी करंट (ठिणगी) नाही.

उत्तर : आधी तपासायची पद्धत बरोबर आहे का ते बघा. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे आटे इंजिनच्या हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायचे. रंग दिलेल्या फिनवर (हेडवरच्या पातीवर) टेकवला तर चांगल्या गाडीचाही करंट दिसत नाही. प्लग आणि हात दोन्ही प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, तिथून येणारी पेट्रोलची वाफ पेटू शकते. ठिणगी निळसर-पांढरी हवी आणि 'टक' असा आवाज यायला हवा. पिवळट, बारीक ठिणगी असेल तर उघड्यावर ती दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते.

तरीही नसेल तर कॅप उलट्या दिशेने फिरवून वायरीतून सोडवा. खानापूरकडच्या पावसात एचटी वायरीचं (प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीचं) टोक आतून हिरवं पडतं. पाचेक मिलिमीटर कापून तांब्याची स्वच्छ तार दिसू द्या आणि कॅप परत फिरवून बसवा. मल्टिमीटर असेल तर कॅप मोजा. रेझिस्टर कॅप बहुधा ५ किलोओहमच्या आसपास दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप फेकून द्या.

एवढं करूनही ठिणगी नसेल तर सीडीआयच्या कपलरमधली (वायरींच्या जोडातली) काळी-पांढरी वायर सोडवून किक मारा. जुन्या स्प्लेंडरमध्ये चावी बंद केली की ही वायर अर्थ होते (गाडीच्या बॉडीला जोडली जाते) आणि इंजिन थांबतं. चावीच्या लॉकमध्ये पाणी शिरलं किंवा हँडलच्या मानेजवळ वायर घासून सोलली की ती कायमचीच अर्थ राहते. ही वायर सुटल्यावर करंट आला तर दोष लॉक किंवा वायरिंगचा. मात्र आता चावीने गाडी बंद होणार नाही, चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडावा लागेल.

प्रश्न (निपाणी) : पॉईंटवाली बुलेट थंड असताना एका किकमध्ये चालू होते. तवंदी घाट चढला की बंद पडते, अर्ध्या तासाने परत चालू होते.

उत्तर : बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, हेडलाईटजवळच्या अँमीटरकडे बघा. चावी चालू ठेवून किक सावकाश दाबा. पॉईंट (करंट जोडून तोडणारी दोन टोकं) मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मधोमध येतो. काटा हललाच नाही तर पॉईंटवर तेल-काजळी आहे किंवा तिथपर्यंत करंटच पोचत नाही. झुकलेलाच राहिला तर पॉईंट उघडत नाहीत, नाहीतर वायर अर्थ झालीय.

काटा नीट डुलतोय आणि प्लगवर मात्र ठिणगी नाही, तर दोष कॉईल किंवा कंडेन्सरचा (पॉईंटवरची ठिणगी शोषणाऱ्या भागाचा). पॉईंट बोटाने उघडताना तिथेच मोठी निळी ठिणगी उडते आणि टोकं जळून काळी झालीत? मग कंडेन्सर गेला. तसं नसेल तर कॉईलवर ओलं फडकं ठेवा. ती निवल्यावर करंट परतला तर दोष तिचाच. थंड असताना मीटरवर कॉईल ठीक दाखवते, म्हणून मीटरच्या भरवशावर राहू नका.

पॉईंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिमी फट ठेवा. पॉईंटची टाच झिजत जाते तशी फट कमी होते. बारीक पॉलिश पेपर मारल्यावर पेट्रोलच्या फडक्याने पुसायला विसरू नका, नाहीतर त्या पेपरची पूडच करंट अडवते.

प्रश्न (चिक्कोडी) : आरएक्स १०० ला अजिबात करंट नाही. मेकॅनिक म्हणतो सीडीआय गेलाय, नवा घाला. घेऊ का?

उत्तर : थांबा. इलेक्ट्रिकचा माल उघडला की दुकानदार परत घेत नाहीत. तशाच दुसऱ्या गाडीचा चालू सीडीआय दहा मिनिटांसाठी मागून लावा. करंट आला तरच विकत घ्या.

नाही आला तर कपलर सोडून मॅग्नेटकडून (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाकडून) येणाऱ्या वायरी मोजा. सीडीआयला वीज पुरवणारी कॉईल आणि पल्सर कॉईल (ठिणगीची वेळ सांगणारी), दोन्हींचे ओहम बघा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. कपलरच्या पिनाही बघून घ्या. उसाच्या फडातला चिखल आणि पाणी बसून त्या हिरव्या पडतात, कधी नुसती आत ढकललेली पिनच सगळा घोळ करते.

मॅग्नेट काढायचा तर पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच). हातोडीने ठोकला तर आतले चुंबक तडकतात. काढलाच आहे तर त्यामागची अर्धचंद्र चावी (मॅग्नेट जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) बघा. ती कापली गेली असेल तर करंट येतो, पण चुकीच्या वेळी, आणि किक उलटी मारते.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : बीएस ६ गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही.

उत्तर : किल स्विच आणि साईड स्टँड बघा. हसू नका, बऱ्याचदा तेवढंच असतं. मग चावी चालू करून पेट्रोल पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐका. ती नसेल तर फ्यूज बघा. गाडी पडली होती का? पडल्यावर सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी सरळ उभी करून चावी बंद-चालू करा. प्लग कॅप हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मात्र मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर कॉईल आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) धोका असतो, आणि ईसीयू सीडीआयच्या भावात मिळत नाही.