उन्हाळी टोमॅटोचं मुरवलेलं सॅलड: मीठ आधी, तेल शेवटी

तुम्ही केलं ते असं: पाऊण किलो टोमॅटोच्या फोडी, व्हिनेगर, तेल, मीठ, साखर आणि ठेचलेला लसूण एकदम कालवलं, सकाळी ९ ला फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुपारी १ ला जेवायला काढलं. तळाशी वाटीभर पाणी, वर गोठलेलं तेल, फोडी थंडगार पण बेचव, आणि लसणाचा उग्र दर्प. रविवारी पंधरा माणसं जेवायला आहेत आणि कोल्हापुरात जे मिळतं त्यातच हे जमायला हवं.

तुमचे जिन्नस बरोबर आहेत, क्रम चुकला. टोमॅटोत वजनाच्या ९४-९५ टक्के पाणीच असतं. चिरलेल्या फोडीला मीठ लागलं की ते पाणी बाहेर ओढलं जातं, आणि ते तुमच्या व्हिनेगर-साखरेत मिसळून सगळं पातळ करून टाकतं. वरून तेल आधीच लागलेलं असलं की फोडीवर त्याचा थर बसतो. मीठ, गूळ, आंबट हे सगळं पाण्यात विरघळणारं, तेलात नाही. त्यामुळे चव आत शिरायची तिथे बाहेरच अडते. म्हणून आधी फक्त मीठ लावून पाणी काढायचं, मग त्याच पाण्यात आंबट-गोड कालवून फोडींना पाजायचं, आणि तेल सगळ्यांत शेवटी.

पाऊण किलोचं प्रमाण सांगतो. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा. बारीक मीठ सपाट सव्वा छोटा चमचा, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम. साखरेऐवजी चिरलेला गूळ १ छोटा चमचा. व्हिनेगर दीड मोठा चमचा. मोहरीची डाळ अर्धा छोटा चमचा. लसणाच्या २ पाकळ्या. मध्यम कांदा १. जाडसर कुटलेली मिरी पाव छोटा चमचा. तेल ३ मोठे चमचे. कोथिंबीर मूठभर. मिठाचा अंदाज चमच्यापेक्षा वजनाने धरा: टोमॅटोच्या वजनाच्या १ टक्का. यातलं काही मीठ निथळलेल्या पाण्याबरोबर जाणार आहे, म्हणून हा आकडा बघून बिचकू नका.

आता टोमॅटो, कारण निम्मं काम मंडईतच होतं. लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मंडईत दोन प्रकार समोर असतात. एक लांबट, कडक, जाड सालीचा हायब्रीड. तो गाडीत टिकावा म्हणून निवडलेला असतो, त्यात गर जास्त आणि रस कमी. दुसरा गोल, थोडा चपटा, देठाजवळ रेघा असलेला गावरान, पातळ सालीचा आणि आंबट. या सॅलडला गावरान उत्तम. दोन्ही अर्धे-अर्धे घेतले तर आणखी बरं, गावरानचा रस आणि हायब्रीडची घट्ट फोड असं दोन्ही मिळतं. देठाच्या खड्ड्याशी नाक नेऊन बघा. तिथे हिरवट, टोमॅटोच्या पाल्यासारखा वास आला पाहिजे. वासच नसेल तर कितीही मुरवा, हाती आंबट पाणीच लागेल.

एप्रिल-मेमध्ये टोमॅटो पिकूनही केशरीच राहतात, देठाकडे पिवळे पट्टे असतात. विक्रेत्याचा त्यात दोष नाही. तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की लाल रंग देणारं लायकोपीन नीट तयार होत नाही. असे टोमॅटो मऊ आणि वासाचे असतील तर खुशाल घ्या. आत पांढरा कडक गर निघाला तर तेवढा कापून टाका, तो मुरत नाही. वळीव पडून गेल्यावर तडकलेले टोमॅटो येतात, कारण एकदम पाणी मिळून आतला गर फुगतो आणि साल मागे पडते. ताजी चीर असेल तर त्याच दिवशी वापरायला हरकत नाही. चिरेत काळं किंवा बुरशी दिसली तर घेऊ नका.

आणलेले टोमॅटो फ्रिजमध्ये टाकू नका. पिकलेले टोमॅटो ५ अंशांना ७ दिवस ठेवले तर वास देणारी द्रव्यं बरीच घटतात आणि नंतर दिवसभर बाहेर ठेवूनही ती पुरती परत येत नाहीत, हे फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं आहे. परातीत एका थरात, देठाची बाजू खाली करून, सावलीत ठेवा. कच्चे वाटले तर सोबत एखादं पिकलेलं केळ ठेवून वर कागद घाला.

हायब्रीड असेल तर साल काढा. बुडाशी सुरीने फुली मारा, उकळत्या पाण्यात २० ते ३० सेकंद धरा आणि लगेच गार पाण्यात टाका, साल आपोआप सुटते. यापेक्षा जास्त वेळ पाण्यात राहिला तर बाहेरचा गर शिजतो आणि फोड लिबलिबीत होते. गावरानची साल राहू द्या, तीच फोडीला धरून ठेवते.

चिरायला धारदार सुरी किंवा विळी घ्या. बोथट पात्याने फोड चिरली न जाता चेंगरते. मध्यम टोमॅटोच्या ८ फोडी पुरेत, बारीक चिरू नका, ती कोशिंबीर झाली. (टोमॅटोच्या कोशिंबिरीत शेंगदाण्याचा कूट घालतात तो नुसता चवीला नसतो, तो सुटलेलं पाणी पिऊन घेतो. इथे ते पाणीच आपल्याला हवं आहे, म्हणून कूट नको.) बियांभोवतीचा बुळबुळीत रस फेकू नका. टोमॅटोची खरी रुची त्या भागात जास्त असते. बिया काढून टाकायला सांगणाऱ्या कृती मला या सॅलडसाठी अजिबात मान्य नाहीत.

फोडींना मीठ हलक्या हाताने लावून स्टीलच्या चाळणीत पसरा, खाली पातेलं ठेवा. २५ ते ३० मिनिटांत पातेल्यात अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी जमतं. चाळणी हलवू नका, फोडी दाबू नका. यातलं २ मोठे चमचे पाणी वेगळं काढा. उरलेलं सारात किंवा आमटीत जाईल.

तोवर मोहरी फेसून घ्या. डाळ खलबत्त्यात २ छोटे चमचे गार पाण्याबरोबर वाटा आणि ५-१० मिनिटं तशीच ठेवा, झणका नाकात गेला की झाली. व्हिनेगर आधी घातलं तर हा झणका नीट येत नाही, कारण तो निर्माण करणारं विकर (एन्झाइम) आंबटपणात मंदावतं. ही फेसलेली मोहरी दोन कामं करते: चव देते, आणि तेल व रस एकमेकांत थोडा वेळ धरून ठेवते. बाजारच्या मस्टर्ड सॉसपेक्षा ही कधीही सरस.

लसणाचं तुमच्याकडे जे झालं ते ठेचून ठेवल्यामुळे झालं. पाकळी चेंगरली की उग्र द्रव्य तयार होऊ लागतं आणि ठेचा बाहेर राहील तसा दर्प वाढतो. पाकळ्यांचे पातळ काप करून तत्क्षणी व्हिनेगरमध्ये टाका, आंबटपणा ती क्रिया रोखतो. वाढण्यापूर्वी काप काढून टाका. आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगतो: कच्चा लसूण तेलात बुडवून ती बाटली आठवडाभर ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात जीवघेणं विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. लागेल तेवढंच, त्या दिवसापुरतं करा.

व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते पाणी घातलेलं ॲसेटिक ॲसिड असतं, नुसतं झोंबतं. सफरचंदाचं किंवा उसाचा सिरका मिळाला तर तो वापरा. लिंबू चालतं, पण त्याचा वास मुरताना उडतो, म्हणून ते वाढताना पिळा. घाटाखालून येणारं कोकमाचं आगळ २ छोटे चमचे घातलं तर रंग आणि चव दोन्ही सुरेख लागतात. मात्र आगळ खारट असतं, तेव्हा टोमॅटोला लावायचं मीठ पाऊण छोट्या चमच्यावर आणा.

आता बाजूला काढलेल्या २ चमचे पाण्यात गूळ पूर्ण विरघळू द्या. पिवळसर गूळ घ्या, काळपट गुळाची चव सगळ्यावर बसते. त्यात लसणासकट व्हिनेगर, मोहरी आणि मिरी घाला. कांदा पातळ उभा चिरून १० मिनिटं गार पाण्यात ठेवा, घट्ट पिळा आणि यातच टाका. मग निथळलेल्या फोडी. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) किंवा बिनकल्हईचं पितळेचं अजिबात नको, आंबटामुळे धातूची चव उतरते आणि ते पोटालाही चांगलं नाही.

मुरायला किमान अर्धा तास, उत्तम एक ते दोन तास. चार तासांच्या पुढे फोडी ढिल्या पडतात. एप्रिलच्या दुपारी स्वयंपाकघर ३४-३५ अंशांवर असतं, आणि ३२ अंशांच्या वर चिरलेला टोमॅटो तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. म्हणून हा मुरण्याचा वेळ फ्रिजमध्येच. मग वर सांगितलेलं वासाचं काय? तासाभराच्या गारव्याने तेवढं नुकसान होत नाही. फक्त थंडगार फोड जिभेला वास देत नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास बाहेर काढायचं.

बाहेर काढलं की मग तेल. तुमचं तेल वर गोठलं त्याचं कारण हेच: ऑलिव्ह तेल फ्रिजच्या गारठ्यात गोठतं, घाण्याचं शेंगतेल गढूळ होऊन दाटतं. शेंगतेल वापरणार असाल तर घाण्याचं २ चमचे आणि साधं रिफाइंड १ चमचा असं करा, नाहीतर शेंगदाण्याचा वास टोमॅटोवर मात करतो. तिखट हवं असेल तर २ संकेश्वरी मिरच्या बिया झटकून जाडसर चुरा, तेल कोमट करा, गॅस बंद करून चुरा त्यात टाका आणि पूर्ण गार झाल्यावरच सॅलडवर ओता. तेल धुरावलं तर मिरची काळी पडून कडवटते. कांदा-लसूण चटणी घालायचा मोह होईल, कोल्हापुरात तो होणारच. पण तिच्यात भाजलेलं खोबरं आणि तीळ असतात. ते रसात फुगून सगळं गढूळ करतात आणि ताजेपणा जातो. ती ताटात शेजारी वाढा.

कोथिंबीर वाढायच्या १० मिनिटं आधी, आधी घातली तर आंबटात काळी पडते. परदेशी कृतींत बेसिल लिहिलेलं असतं. त्याच्या जागी तुळस घालू नका, ती लवंगेसारखी तीव्र लागते. कुंडीत सब्जा असेल तर त्याची ५-६ पानं हाताने तोडून घाला. सब्जा आणि ते बेसिल एकाच जातीचे.

काकडी घालायची असेल तर वेगळी मीठ लावून, पिळून, तेलाबरोबर शेवटी. मुरायला टोमॅटोसोबत ठेवलेली काकडी सगळं पुन्हा पाणचट करते.

रविवारी पंधरा जणांना सव्वादोन किलो टोमॅटो लागतील. मीठ, गूळ, कांदा आणि बाजूला काढायचं पाणी तिप्पट. व्हिनेगर मात्र ४ मोठे चमचे, मोहरी आणि मिरी दुप्पट, तेल ७ मोठे चमचे पुरे. सगळं एका खोल पातेल्यात भरू नका, वरच्या फोडींच्या वजनाने खालच्या चेंगरतात. दोन पसरट भांड्यांत तीन बोटांपेक्षा जाड थर नको. एकला जेवण असेल तर साडेदहाला चिरून मीठ लावा, अकराला निथळलेल्या फोडी रसात घाला, सव्वाअकराला फ्रिजमध्ये, साडेबाराला बाहेर काढून तेल, पाऊणला लसणाचे काप काढून कोथिंबीर. मधे एकदाच, खालून वर, लाकडी कालथ्याने परता. त्या दिवशी मटण आणि रस्सा असेल तर गूळ निम्मा करा, रश्श्याशेजारी गोड सॅलड जड जातं. भाकरी-पिठल्याबरोबर मात्र पूर्ण गूळ बरा लागतो.

उरलेल्या फोडी झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्या मऊ झालेल्या असतात, गरम भातावर घ्या किंवा आमटी उकळताना टाका. तळाचा रस फेकू नका. थालीपिठाची भाजणी पाण्याऐवजी त्यात भिजवा, आणि रसात मीठ असल्यामुळे भाजणीत नेहमीच्या निम्मंच मीठ घाला.