वाचकांचे प्रश्न: चेंबरला जायच्या आधी बेंचवर काय काय तपासता येतं?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आहेत, रेडिएटेड एमिशन, म्हणजे उपकरणातून हवेत सुटणारा रेडिओ नॉइज, जो लॅबच्या चेंबरमध्ये (बाहेरचे सिग्नल अडवणाऱ्या टेस्टच्या खोलीत) मोजतात. एकामागून एक घेतो. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: आमचा छोटा कंट्रोलर आहे, प्लास्टिकचा डबा आणि बाहेर दीड मीटरची सेन्सर केबल. लॅबमध्ये ७५ आणि १२५ मेगाहर्ट्झला लिमिटच्या वर गेला आणि फेल झाला. बोर्डवर २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. पुन्हा चेंबर बुक करायच्या आधी ऑफिसात काही करता येईल का? आमच्याकडे साधा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे हे दाखवणारं यंत्र) आहे, बाकी काही नाही.

येईल, आणि बरंच काही येईल. ७५ आणि १२५ म्हणजे २५ ची तिसरी आणि पाचवी पट, स्क्वेअर वेव्हमध्ये विषम हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या विषम पटी) जोरात असतात, त्यामुळे सोर्स कोण हे जवळपास कळलंच. खरा प्रश्न असा की ही एनर्जी हवेत जाते कुठून, आणि इथेच बहुतेक लोक बोर्डकडे बघत बसतात. ७५ मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ ४ मीटर असते, तुमचा हाताएवढा बोर्ड त्या मानाने इतका लहान आहे की तो एकटा फारसं रेडिएट करूच शकत नाही. पण दीड मीटरची केबल मात्र करू शकते, ती मस्त अँटेना आहे. बोर्ड फक्त तिला करंट पुरवतो.

हा करंट कॉमन मोड, म्हणजे केबलच्या सगळ्या वायरींमधून एकाच दिशेने वाहणारा, आणि तो किती थोडा पुरतो बघा: १ मीटर केबलवर ५० मेगाहर्ट्झला फक्त ५ मायक्रोअँप असला तरी ३ मीटरवर अंदाजे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर फील्ड तयार होतं. आणि एफसीसीचं (अमेरिकेची नियामक संस्था) क्लास बी चं, म्हणजे घरगुती वापराच्या उपकरणांचं, लिमिट ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवर बरोबर तेवढंच आहे, १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ४० डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर. मिलिअँप नाही, मायक्रोअँप! म्हणून माझं ठाम मत आहे की एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर अँटेनाच्या आधी केबलवर क्लिप होणारा आरएफ करंट प्रोब घ्या.

मोजायची पद्धत सोपी आहे. प्रोब केबलवर लावायचा, ॲनालायझरवरचं डीबीएम रीडिंग घ्यायचं, त्यात १०७ मिळवले की डीबीमायक्रोव्होल्ट (५० ओहमला), त्यातून प्रोबचा ट्रान्सफर इम्पिडन्स (केबलमधल्या करंटमागे प्रोब किती व्होल्टेज देतो तो आकडा) डीबीमध्ये वजा केला की डीबीमायक्रोअँप. ५ मायक्रोअँप म्हणजे १४ डीबीमायक्रोअँप. ट्रान्सफर इम्पिडन्स १ ओहम असेल तर ॲनालायझरवर हे उणे ९३ डीबीएम दिसेल, म्हणजे अगदी तळाशी, म्हणून इनपुट ॲटेन्युएशन शून्य करा आणि प्रीॲम्प असेल तर चालू करा, नाहीतर काहीच दिसत नाही म्हणून तुम्ही खूश व्हाल आणि लॅबमध्ये पुन्हा तेच. प्रोब एका जागी ठेवू नका, केबलवर सरकवत मॅक्स होल्ड (सगळ्यात मोठं रीडिंग धरून ठेवणारा मोड) लावा, कारण केबलवर स्टँडिंग वेव्ह असते आणि एका ठिकाणी करंट कमी तर दुसरीकडे भरपूर. केबल टेबलावर टेपने चिकटवून टाका, ती नुसती हलली तरी रीडिंग काही डीबीने बदलतं आणि मग आपण केलेल्या बदलाचा परिणाम की केबलचा हे कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फेल झालेलं युनिट तसंच जपून ठेवा, त्यात एकही बदल करू नका. लॅबने त्याचे आकडे दिलेत, म्हणून तुमच्या बेंचचं माप तेच आहे. आधी त्याचं रीडिंग घ्या, मग दुसऱ्या युनिटवर बदल करत जा आणि फरक डीबीमध्ये बघा. समजा लॅबमध्ये ७५ ला ५ डीबी वर होतात, तर बेंचवर ७५ ची पीक निदान ११ डीबी खाली आलेली दिसली पाहिजे.

बदल कुठले? आधी केबल काढून टाका. आता प्रोबला धरायला केबलच नाही, म्हणून हे बोर्डपासून काही अंतरावर ठेवलेल्या अँटेनावर बघा, पीक पडली तर गुन्हेगार सापडला. मग केबल परत लावून कनेक्टरला चिकटून फेराइट क्लिप (केबलवर बसणारा, आरएफ करंट अडवणारा चुंबकीय तुकडा) लावा, करंट पडला तर कॉमन मोडच आहे हे पक्कं, पण फेराइट लावून विषय संपवू नका, ते फक्त रोगाचं निदान आहे, इलाज नाही. मूळ कारण शोधा: केबलचं शील्ड लांब पिगटेलने, म्हणजे शील्ड पिळून केलेल्या एका वायरने, जोडलंय का (शील्ड चहूबाजूंनी कनेक्टरच्या बॉडीला लागलं पाहिजे), क्लॉकच्या ट्रेसखाली ग्राउंड प्लेनला चीर आहे का, सेन्सरच्या लाइन्सना कनेक्टरजवळ फिल्टर कपॅसिटर आहेत का, आणि ते असतील तर जोडलेत कुठल्या ग्राउंडला. क्लॉकच्या ड्रायव्हरजवळ सिरीजमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर टाकून बघा, एज थोडी संथ झाली की वरचे हार्मोनिक्स पडतात आणि सर्किटला सहसा काही फरक पडत नाही.

प्रश्न: नियर फील्ड प्रोब (अगदी जवळून फील्ड हुंगणारा छोटा प्रोब) प्रोसेसरवर धरला की ७० डीबीमायक्रोव्होल्ट दाखवतो. लिमिट तर ४० आहे. म्हणजे आम्ही ३० डीबीने फेल?

नाही नाही, घाबरू नका, हे दोन आकडे एकमेकांशी जोडताच येत नाहीत. ३० मेगाहर्ट्झला नियर फील्ड साधारण १.६ मीटरपर्यंत असतं, आणि तुम्ही चिपपासून काही मिलिमीटरवर धरलाय. तिथलं फील्ड ३ मीटरवर किती उरेल ते कुठल्याही सूत्राने खात्रीने काढता येत नाही. चिपवर खूप मोठं रीडिंग देणारी जागा बाहेर काहीच न सोडणारी असू शकते आणि कनेक्टरजवळ कमी दिसणारी जागा केबलमधून सगळं बाहेर पाठवत असू शकते. प्रोबचा उपयोग सोर्स हुडकायला. लूप प्रोब फिरवून बघा, ट्रेसच्या दिशेत लूप आला की रीडिंग वाढतं, त्यावरून करंट कुठल्या वाटेने वाहतोय हे कळतं. पास-फेल त्यावर ठरवू नका.

प्रश्न: अँटेना लावून ऑफिसात बघितलं तर एफएम स्टेशन्स आणि मोबाईलशिवाय काही दिसतच नाही.

दिसणारच. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम असतं आणि त्याखाली तुमची पीक लपून बसते. आधी प्रॉडक्ट बंद ठेवून ट्रेस सेव्ह करा, मग चालू करून दुसरा ट्रेस, दोन्ही एकावर एक ठेवून जे नवीन उगवलंय तेवढंच बघा, आणि स्पॅन छोटा ठेवा म्हणजे २५ च्या पटी स्टेशन्सपासून वेगळ्या दिसतात. अँटेना ३ ऐवजी १ मीटरवर आणा, आपला सिग्नल ढोबळमानाने साडेनऊ डीबीने वाढतो, बाहेरचा वाढत नाही (खालच्या फ्रिक्वेन्सीला इतक्या जवळ हे गणित ढासळतं, तरी तुलनेपुरतं चालतं). अजून एक, जोरदार स्टेशनमुळे ॲनालायझर ओव्हरलोड झाला तर तो स्वतःच खोट्या पीक तयार करतो! १० डीबीचा ॲटेन्युएटर लावा: खरी पीक बरोबर १० डीबी पडेल, खोटी त्याहून जास्त.

प्रश्न: आमच्या ॲनालायझरमध्ये क्वासी-पीक (लॅब वापरते ती, अधूनमधून येणाऱ्या नॉइजला कमी मोजणारी मापनाची पद्धत) नाही आणि १२० किलोहर्ट्झचा बँडविड्थही (एका वेळी मोजला जाणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) नाही, १०० आहे.

काही बिघडत नाही. पीकचं रीडिंग क्वासी-पीकपेक्षा कधीच कमी येत नाही, म्हणून पीकमध्ये लिमिटच्या खाली असाल तर क्वासी-पीकमध्येही असालच. १०० आणि १२० चा फरक क्लॉकसारख्या बारीक पीकला लागतच नाही, स्विचिंग सप्लायच्या पसरट नॉइजला फार तर दीड डीबी.

प्रश्न: बेंचवर पास झालं तर तोच रिपोर्ट पुरेल का? मार्जिन किती ठेवायचं?

पुरणार नाही. मापनासाठी तपासलेली जागा लागते, फिरतं टेबल लागतं, अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत वरखाली करावी लागते कारण जमिनीवरून येणारं रिफ्लेक्शन रीडिंग बदलतं. बेंचवर हे काहीच नसतं. सिस्पर ३२ (मल्टिमीडिया उपकरणांच्या एमिशनचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) चं क्लास बी लिमिट ३ मीटरवर २३० मेगाहर्ट्झपर्यंत ४० आणि त्यावर १ गिगाहर्ट्झपर्यंत ४७ डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, त्याच्या निदान ६ डीबी खाली आहोत असा तुमचा अंदाज आला तरच चेंबर बुक करा.

प्रश्न: टेस्टच्या वेळी बोर्ड काय करत असावा?

जास्तीत जास्त गोंगाट करणारं काम. सगळे पोर्ट चालू, डेटा सतत वाहता, रिले किंवा मोटर असेल तर तीही फिरती, आणि यासाठी फर्मवेअरमध्ये वेगळा टेस्ट मोडच लिहून ठेवा, चेंबरमध्ये बसून कोणी बटणं दाबणार नाहीये. सोबतचा लॅपटॉप आणि अडॅप्टरही नॉइज करतात, तेव्हा एकदा बॅटरीवर चालवून बघा, पीक तशीच राहिली तरच ती तुमच्या बोर्डची. आणि लॅबला जाताना ज्यावर बेंचचं रीडिंग घेतलं तीच केबल, तोच अडॅप्टर, तेच फर्मवेअर न्या, केबल कशी मांडली होती त्याचा फोटो काढून.