'बटरफ्लाय' वाचताना इंग्रजी वाचकाच्या डोक्यात लोणी येतं का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते 'बटरफ्लाय' सबंध वाचतात की 'बटर' आणि 'फ्लाय' असा फोडून? आणि अनोळखी जोडशब्द भेटला तर आपण तो फोडून अर्थ लावावा का? भाषाविज्ञान शिकताना मी सगळ्यात जास्त वाचलं ते याच विषयावर, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाचक शब्द फोडतोच. नकळत फोडतो, आणि फोडून काही हाती लागणार नसलं तरी फोडतो. मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांचा १९७६ सालचा प्रयोग मला यासाठी अजूनही फार आवडतो. पडद्यावर अक्षरं येतात, आणि हा इंग्रजी शब्द आहे की नाही ते बटण दाबून सांगायचं. 'फुटमिल्ज' आणि 'माउडफ्लिस्क' दोन्ही बनावट, तरी 'फुटमिल्ज'सारख्या शब्दांना 'नाही' म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला, कारण त्यातला 'फुट' खरा आहे. तो तुकडा कुणी शोधायला सांगितला नव्हता. खरा तुकडा शेवटी असला तर मात्र तसा अडथळा दिसला नाही. पुढे वाचकाच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या, तेव्हा दुसऱ्या तुकड्याचाही परिणाम होतो हे कळलं.

पण तुकडा ओळखणं वेगळं आणि त्याचा अर्थ मनात येणं वेगळं. तुमच्या लोण्याचं उत्तर याच फरकात आहे. डॉमिनिक सांड्रा यांनी १९९० मध्ये डच जोडशब्दांवर काम केलं. ज्या जोडशब्दाचा अर्थ तुकड्यांतून उलगडतो, त्याच्या आधी तुकड्याशी संबंधित शब्द दाखवला तर वाचकाला मदत झाली. ज्याचा अर्थ उलगडत नाही, तिथे झाली नाही. उलट गॅरी लिबन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इंग्रजी शब्द घेऊन खुद्द तुकडाच आधी दाखवला, तेव्हा 'हॉगवॉश' ('हॉग' म्हणजे डुक्कर, 'वॉश' म्हणजे धुणं, पण शब्दाचा अर्थ निरर्थक बडबड) यासारख्या, दोन्ही तुकड्यांचा अर्थाशी संबंध नसलेल्या शब्दालाही फायदा झाला. हे निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. 'बटर' हा तुकडा ओळखला जातो, लोण्याचा अर्थ मात्र पुढे सरकत नाही.

लिबन यांच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. 'स्ट्रॉबेरी'त 'स्ट्रॉ'चा संबंध लागत नाही, पण ती 'बेरी' तर आहेच. 'जेलबर्ड' म्हणजे कैदी. तिथे तुरुंग आहे, पण पक्षी नाही. शेवटचा तुकडा असा दगा देतो तेव्हा वाचकाला जास्त वेळ लागतो. इंग्रजीत वस्तू कोणत्या जातीची आहे ते बहुधा शेवटचा तुकडा सांगतो, हे त्यामागचं कारण.

यापुढचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दोन तुकडे कळले म्हणजे अर्थ कळला असं नाही, कारण त्यांच्यातलं नातं शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं. 'स्नोबॉल' म्हणजे बर्फाचा गोळा, 'स्नोशॉव्हल' म्हणजे बर्फ उपसायचं फावडं. पहिल्यात बर्फ हे साहित्य, दुसऱ्यात बर्फासाठी अवजार. शाळेत आपण मध्यमपदलोपी समासाचा विग्रह करतो, पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, ते हेच काम. क्रिस्टिना गान्ये आणि थॉमस स्पॉल्डिंग यांनी २००९ मध्ये दाखवलं की वाचक हा विग्रह रोजच्या, पूर्ण ओळखीच्या शब्दांचाही करतो. 'स्नोबॉल'च्या आधी 'स्नोफोर्ट', म्हणजे बर्फाचा किल्ला, दाखवला तर तो लवकर ओळखला जातो. 'स्नोशॉव्हल' दाखवला तर तेवढा लवकर नाही. 'स्नो' दोन्हींत आहे, तेव्हा फरक पडला तो नात्यामुळेच.

यातले बरेच प्रयोग सुट्या शब्दांवरचे आहेत, हे लक्षात ठेवा. वाक्यात चित्र बदलतं. स्टीव्हन फ्रिसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वाक्यं वाचताना डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या, तर अर्थ उलगडणाऱ्या आणि न उलगडणाऱ्या जोडशब्दांवर नजर सारखीच थांबत होती. दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागा सोडली की फरक दिसू लागला. शब्द जोडून छापलेला असला की सबंध ओळखीचा रस्ताही वाचकाला खुला असतो, असा मी याचा अर्थ लावते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. फोडा, अवश्य फोडा, पण शेवटाकडून सुरुवात करा. आधी शेवटचा तुकडा घ्या आणि वाक्यात त्या जातीची वस्तू बसते का ते पाहा. बसत असेल तर पहिल्या तुकड्याशी तिचं नातं काय ते ठरवा : कशाची बनलेली, कशासाठी, कुठली, कशासारखी. पहिलंच सुचलेलं नातं पक्कं धरू नका. 'स्नोशॉव्हल'ला बर्फाचं बनलेलं फावडं समजणं अगदी सोपं आहे. आणि वाक्यात माणसाबद्दल बोलणं चाललंय, पण शब्दाच्या शेवटी पक्षी आलाय, असं झालं की तर्क थांबवून शब्दकोश उघडा.