बोनस दिला, तरी मामा गप्पच

"मॅडम, अजून काय द्यायचं ह्यांना?" खुर्चीत नीट बसायच्या आतच तो म्हणाला. लातुरातल्या एका डाळमिलचा तिशीतला मालक. वडिलांचे गुडघे गेले तसा दोन वर्षांपासून सगळा कारभार ह्याच्या अंगावर. पगार वाढवला, दिवाळीला बोनस दिला, थंड पाण्याचं मशीन बसवलं. "तरी लोकं मन लावून काम करायलेच नाहीत. सांगितलं तेवढंच करतात. डाळीचा तुकडा वाढलाय नुसता. आजकाल कष्टच नकोत कुणाला."

कामावरच्या माणसांचे असे प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात. हे शेवटचं वाक्य मी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ऐकलंय, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांकडून ऐकलंय, एकदा तर मंगल कार्यालयवाल्याकडूनही. म्हणून ही गोष्ट सांगतेय. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदललेत.

मी विचारलं, बोनस किती? "8.33 टक्के," तो अभिमानाने म्हणाला. आता हा काही त्याच्या मोठ्या मनाचा आकडा नव्हे. कायद्याने ठरवून दिलेला तो किमान दर आहे. जे देणंच लागतं ते मिळाल्यावर कामगाराने हरखून का जावं? मग विचारलं, हंगामात जादा तास थांबतात त्याचे पैसे दुपटीने मिळतात का? तो चाचरला. त्या दिवशी आम्ही तिथंच थांबलो. आधी हिशेब चोख करून या, म्हटलं. मजुरी थकवून वर माणसांचा उत्साह कसा वाढवायचा, हे शिकवायला मी बसलेली नाही.

महिन्याभराने तो परत आला. हिशेब चुकता केला होता. कुरकुर थांबली होती, पण काम होतं तसंच. आणि इथं माझी एक चूक झाली. दर महिन्याच्या चांगल्या कामगाराचा फोटो भिंतीवर लावा, असं मी सुचवलं. त्याने फ्रेम करून लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेमला हार घातलेला, खाली उदबत्ती! फोटोतला माणूस समोर पोतं उचलतोय आणि सगळी मिल हसतेय. फ्रेम त्याच दिवशी उतरली.

मग मी म्हटलं, मला कुणाशी तरी बोलू द्या. त्यांची स्वतःची तयारी असेल तरच, आणि ते जे बोलतील ते त्यांनी हो म्हटल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. आले ते मामा. वय पन्नाशीचं. "भूकंपाच्या साली लागलो इथं," म्हणजे 1993. रोलर तेच बघतात. तुरीच्या सालीला चरे पाडायचे, तेल लावायचं, पटांगणावर उन्हात वाळवायचं, मग साल काढून डाळ फोडायची. ओल चुकली किंवा रोलरमधली फट चुकली की डाळीचा तुकडा होतो आणि तो मातीमोल भावाने जातो. मामा दोन दाणे दाताखाली फोडून ओल सांगायचे.

आधी झोप, भूक, घरचं विचारलं. झोप चांगली. संध्याकाळी नातवाला घेऊन शेतात जातात, पोळ्याला बैल स्वतः सजवतात. जीव मिलमध्येच रमत नव्हता, बाकी सगळीकडे होता. हा फरक मी नेहमी बघते. घरीही कशात मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर प्रश्न मालकाचा राहत नाही, तब्येतीचा होतो. तेव्हा डॉक्टर गाठावा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा, मराठीतही बोलता येतं.

मग त्यांना दोन गोष्टी विचारल्या. कामावरचा सगळ्यात चांगला दिवस कोणता आणि सगळ्यात वाईट कोणता? हे प्रश्न माझे नाहीत. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात पिट्सबर्गच्या दोनशेच्या आसपास इंजिनियर आणि हिशेबनीसांना असंच विचारलं होतं. वाईट दिवसांत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार असलं बरंच आलं. चांगल्या दिवसांत मात्र काहीतरी जमवून दाखवल्याची आणि कुणीतरी ते ओळखल्याची गोष्ट जास्त. इंजिनियर कुठं आणि डाळमिल कुठं, असं मलाही वाटायचं.

मामा म्हणाले, "अवकाळी आलता. पटांगणावरची सगळी तूर भिजली. मोठे मालक म्हणले गेला माल. मी म्हणलं थांबा, चार दिवस द्या. हलवून हलवून वाळविली. व्यापारी आला तवा मालक त्याच्यापुढं म्हणले, ही डाळ आमच्या मामाची." आणि वाईट दिवस? बराच वेळ गप्प. "ओल मोजायचं मशीन आलं त्या दिवशी. आता पोरगं येतं, मशीन लावतं, आकडा ऑफिसात नेतं. मला कोण सांगत नाही. यंत्र खरं बोलतंय, मी कुठं नाही म्हणलो? पण काय बोललं ते मला कळाया तर पाहिजे."

पूर्वी रोज संध्याकाळी मोठे मालक विचारायचे, "मामा, आज तुकडा किती?" दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कॅमेरे मात्र सहा बसले होते.

मामांनी सांगायची परवानगी दिली, म्हणून छोट्या मालकाला हे सांगितलं. त्याला राग आला. "म्हणजे माझंच चुकलं?" मी हो-नाही काही म्हटलं नाही. ठरलं एवढंच की मशीन रोलरपाशी ठेवायचं, दिवसाचा तुकडा खडूने फळ्यावर लिहायचा, आणि फट बदलायची तर आधी मामांना विचारायचं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन तरणी पोरं चाकणला गेलीच. तिथला पगार लातूरची मिल देऊ शकत नाही, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. कॅमेरेही अजून आहेत. पण फळ्यावरचा आकडा उतरू लागला. पोत्यांवरचे हमालसुद्धा जाता जाता तो वाचतात.

जानेवारीत नव्या तुरीची आवक सुरू झाली तेव्हा त्याचा फोन आला. मामा आता आधी दाणा फोडून आकडा सांगतात, मग मशीन लावायला लावतात. पैज चहाची. "मॅडम, या आठवड्यात चार चहा हरलोय मी."