डोंगर नंतर, आधी बोगद्यातला रूळ

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत डोंगर उभारायची घाई करू नकोस. आधी बोगद्यात जाणारा रूळ पक्का बसव आणि त्यावरून गाडी भरपूर पळव. डबा घसरला की नेमका आतच घसरतो, म्हणून मागून किंवा वरून हात जाईल एवढी जागा ठेव. सांधे बदलायचा रूळ तर बोगद्यात घालूच नकोस.

बोगद्याचं तोंड चिकटवण्याआधी तुझ्याकडचा सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने ढकलून बघ. वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला येतो आणि टोकं बाहेर जातात. १:८७ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान मॉडेलमध्ये, दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा भिंतीला घासते.

सांगाड्याला थर्माकोल किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. रुळावर मास्किंग टेप लावायला विसरू नकोस. रंगवताना सरसकट तपकिरी फासू नकोस, फार खोटं दिसतं. राखाडी रंगावर पाण्यासारखा पातळ काळा सोड, तो आपोआप भेगांत उतरतो. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त कडांवर फिरव. तोंडातून दिसेल तेवढी आतली भिंत काळी कर, पुढची कोण बघतंय!