घरी केलेल्या केळीच्या वाईनमधे कॅलरी किती, कसं काढायचं?

भाऊ तुमचा पुतण्या इंग्लंडात करतोय म्हणून ठीक, इकडे रावेर-जळगावला केळी ढीगभर असली तरी लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे हे आधी सांगून ठेवतो.

टाकलेली साखर मोजून कॅलरी काढू नका, साखर यीस्ट खातं अन् तिची दारू होते. त्याला हायड्रोमीटर घ्यायला सांगा, डेअरीत दुधात लॅक्टोमीटर बुडवतात ना तसाच असतो. पाण्याच्या मानाने रस किती दाट ते तो दाखवतो. सुरुवातीला आकडा समजा १.०९० आला अन् आंबणं थांबल्यावर १.०००, तर फरक ०.०९० गुणिले १३१ (हा ठरलेला आकडा) म्हणजे जवळपास १२ टक्के अल्कोहोल. दीडशे मिलीच्या ग्लासात झालं १८ मिली, वजनात १४ ग्रॅम, अन् ग्रॅमला ७ कॅलरी धरा, म्हणजे नुसत्या अल्कोहोलच्या शंभरच्या आसपास. नंतर गोडीसाठी साखर घातली तर चमच्याला २० वेगळे.

मोहाच्या दारूचं कोणीतरी विचारणारच, सातपुड्यातली माणसं आहोत आपण 😄 ती गाळलेली, साखर भांड्यातच राहते, कॅलरी फक्त अल्कोहोलच्या. पण किती टक्के ते चवीवरून कळत नाही, अंदाज लावत बसू नका.

अन् सोबतची शेव-भाजी अन् तिच्यावरची तर्री कोण मोजणार?